उष्टं पान

संगणकाच्या मेमरीत 'मोकळं करणं' आणि 'साफ करणं' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि गेली कित्येक दशकं यांतलं पहिलंच काम नेमानं होत आलं आहे. एखाद्या प्रोग्रॅमला मेमरीचा तुकडा नकोसा झाला की तो परत करतो. मेमरीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आपल्या वहीत त्या तुकड्यासमोर 'रिकामा' अशी नोंद करते. तुकड्यात जे लिहिलेलं होतं ते मात्र जसंच्या तसं पडून राहतं: कोणाचा पासवर्ड, कुठल्या फाइलमधला मजकूर, एखादा अंतर्गत पत्ता. पुढचा मागणारा आला की तोच तुकडा त्याच्या हाती दिला जातो. मेमरीची वाटणी साधारणपणे ४,०९६ बाइटच्या पानांत होते, आणि मराठीत पान जेवायलाही मांडतात. या योगायोगाचा फायदा घेऊन सांगायचं तर हा सगळा प्रश्न उष्ट्या पानाचा आहे. पंगतीतली पत्रावळ जेवण झाल्यावर फेकून देता येते. मेमरी फेकता येत नाही. खाणावळीतल्या ताटासारखी ती पुन्हा पुन्हा वाढायला घ्यावी लागते. मग ते ताट विसळायचं कोणी? जेवून उठणाऱ्यानं, जेवायला बसणाऱ्यानं, की खाणावळीनं? माझ्या मते ते काम खाणावळीचंच आहे, आणि जेवणारे कितीही शिस्तीचे असले तरी ते त्यांच्यावर सोपवता येत नाही. हे मत वरवर पाहता इतकं सरळ आहे की त्यावर वाद कसा होईल असं वाटावं. प्रत्यक्षात ते लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्वीकारलं जायला २०१९ साल उजाडलं.

या खाणावळीचं नाव कर्नेल. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांवर थेट हुकमत असलेला भाग. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात आणि तो ती पुरवतो. एका प्रोग्रॅमचं उष्टं दुसऱ्यापुढे जाऊ नये ही जाणीव जुनी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९८३ साली काढलेल्या आणि १९८५ साली सुधारलेल्या सुरक्षा-निकषांच्या पुस्तकात, ज्याला त्याच्या वेष्टनावरून 'ऑरेंज बुक' म्हणतात, 'सी-टू' दर्जासाठी अशी स्पष्ट अट होती की व्यवस्थेकडे परत आलेली कोणतीही वस्तू नव्या धन्याकडे जाताना आधीच्या धन्याची कसलीही माहिती सोबत नेता कामा नये. विंडोज एनटीमध्ये या कामासाठी एक स्वतंत्र धागाच नेमलेला होता: सर्वांत खालच्या, शून्य अग्रक्रमाचा. प्रोसेसरला दुसरं काहीही काम नसलं की तो उठायचा आणि मोकळ्या पानांवर शून्यं लिहीत बसायचा. लिनक्सही सामान्य प्रोग्रॅमला नवं पान देताना ते शून्यांनी भरूनच देतो. म्हणजे पाहुण्यांची ताटं धुतली जात होती. स्वयंपाकघरातली माणसं मात्र एकमेकांच्या उष्ट्या ताटांतच जेवत होती, कारण घरच्या माणसांत कसलं उष्टं-खरकटं, अशी समजूत होती. कर्नेल स्वतःसाठी जी मेमरी लागेल तशी घेतो आणि परत करतो, तिला कर्नेलचा हीप म्हणतात. आणि हा हीप वर्षानुवर्षं न धुताच फिरत राहिला.

यामागे आळस होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, विचार होता. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी 'स्लॅब' नावाची वाटपपद्धत मांडली आणि पुढे लिनक्ससह अनेक कर्नेलांनी ती उचलली. त्यांचं निरीक्षण नेमकं होतं: कर्नेल एकाच प्रकारच्या वस्तू सतत घेत आणि सोडत असतो, आणि त्या वस्तू वापरायोग्य अवस्थेत आणण्याचा खर्च कित्येकदा मेमरी मिळवण्याच्या खर्चाहून जास्त असतो. मग सोडलेली वस्तू मोडून पुन्हा घडवण्यापेक्षा तशीच घडलेली का ठेवू नये? म्हणजे जुनं टिकवणं हाच या रचनेचा गुण होता. त्यात आणखी एक युक्ती मिसळली. नुकतीच परत आलेली वस्तू प्रोसेसरच्या जलद कॅशमध्ये अजून गरम असते, म्हणून पुढच्या मागणीला तीच आधी द्यावी. वेगाच्या दृष्टीनं हे शहाणपण निर्विवाद आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा, की उरलंसुरलं जे हाती येतं ते शिळं नसतं. क्षणापूर्वी दुसऱ्या कोणीतरी टाकलेलं, अगदी ताजं असतं.

घरच्या माणसांची ही समजूत जिथे मोडते ती जागा म्हणजे दार. कर्नेल आपल्या हीपमधली माहिती सतत बाहेर पाठवत असतो: प्रत्येक सिस्टिम कॉलचं उत्तर, नेटवर्कवर जाणारं प्रत्येक पाकीट आधी कर्नेलच्या मेमरीत भरलं जातं आणि मग सीमा ओलांडतं. ते पूर्ण भरलं गेलं नाही तर राहिलेल्या जागेतलं उष्टंही सोबत जातं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण जानेवारी २००३ मध्ये अॅटस्टेक या संस्थेच्या ओफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी जगापुढे ठेवलं. इथरनेटच्या नियमानुसार एका पाकिटात किमान ४६ बाइट मजकूर असावाच लागतो. पत्ता शोधण्यासाठी वापरला जाणारा एआरपी संदेश फक्त २८ बाइटचा असतो. उरलेले १८ बाइट भर म्हणून घालायचे. ते शून्यांनी भरावेत असं मानकं सांगत होती. अनेक नेटवर्क-कार्डांचे ड्रायव्हर मात्र पाकिटाची लांबी वाढवून मोकळे होत. त्या जागेत काय आहे हे पाहत नसत. परिणामी, शेजारच्या यंत्रावरून लहानसा पिंग पाठवला की उत्तराच्या शेपटीला समोरच्या कर्नेलच्या मेमरीचे तुकडे लटकून येत. घुसखोरी करावी लागत नव्हती. विचारलं की मिळत होतं. 'इथरलीक' या नावानं हा दोष प्रसिद्ध झाला, त्याला सीव्हीई-२००३-०००१ हा क्रमांक मिळाला, एकेका ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्या झाल्या. आणि तरीही २०१७ साली ज्युनिपर कंपनीच्या काही स्विचमध्ये हाच दोष, याच नावानं, पुन्हा नोंदवला गेला. चौदा वर्षं सगळ्यांना माहीत असलेली, एका ओळीत दुरुस्त होणारी चूक पुन्हा घडते तेव्हा दोष एखाद्या प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणावर ढकलता येत नाही. दक्षतेवर उभी केलेली व्यवस्था अशीच वागणार. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: इथरलीकमधलं उष्टं तीन ठिकाणांहून येत होतं. काही कर्नेलच्या हीपमधून, काही ड्रायव्हरनं स्वतःसाठी कायम राखून ठेवलेल्या जागेतून, तर काही थेट कार्डाच्या आतल्या मेमरीतून. हीप धुतल्यानं यांतलं पहिलंच थांबतं.

दक्षता पुरत नाही याचा याहून कडक पुरावा सी भाषेच्या पोटातच आहे. कर्नेलमध्ये संबंधित माहिती एकत्र ठेवण्यासाठी स्ट्रक्चर वापरतात. समजा त्यात आधी एक बाइटचा घटक आहे आणि नंतर आठ बाइटचा. प्रोसेसरला आठ बाइटचा घटक आठाच्या पटीतल्या पत्त्यावर हवा असतो, म्हणून कंपायलर मध्ये सात बाइटची पोकळी सोडतो. या पोकळीला नाव नसतं, तिच्यात काही लिहायची सोय नेहमीच्या वाक्यरचनेत नसते, आणि तिच्यात काय असावं याबद्दल भाषा कोणतीही हमी देत नाही. आता एक अत्यंत काटेकोर प्रोग्रॅमर घ्या. त्यानं दोन्ही घटक न चुकता भरले, दोनदा तपासले, आणि मग संपूर्ण स्ट्रक्चर वापरकर्त्याकडे पाठवलं. त्याच्या हातून काहीही राहिलं नाही, आणि तरी कर्नेलच्या मेमरीचे सात बाइट बाहेर गेले. त्याचा कोड वाचणाऱ्यालाही हे दिसणार नाही, कारण चूक लिहिलेल्या ओळीत नसून न लिहिलेल्या ओळीत आहे. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या मातेउश युर्चिक यांनी हेच नेमकं मोजायचं ठरवलं. बॉक्स नावाच्या एम्युलेटरमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून त्यांनी न भरलेल्या प्रत्येक बाइटला जणू शाई लावली आणि ती शाई वापरकर्त्याच्या मेमरीत कुठे उमटते ते पाहिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात विंडोजच्या कर्नेलमधल्या ७० हून अधिक आणि लिनक्समधल्या १० हून अधिक, तुलनेनं किरकोळ, गळत्यांची नोंद आहे. लक्षात घ्या, हे दोन्ही कर्नेल जगात सर्वांत जास्त डोळ्यांखालून गेलेल्या कोडपैकी आहेत.

सात बाइटनी काय बिघडतं, असा प्रश्न इथे रास्त आहे. बहुतेक वेळा काहीच नाही. पण चौसष्ट बिटच्या यंत्रावर एक पत्ता आठ बाइटचा असतो, आणि हल्लेखोराला कित्येकदा एवढीच भाकरी हवी असते. लिनक्समध्ये २०१४ पासून कर्नेल दर वेळी वेगळ्या, यादृच्छिक पत्त्यावर चढवण्याची सोय आहे आणि २०१७ पासून ती मूळ मांडणीतच चालू असते. हेतू असा की कर्नेलमध्ये एखादा दोष सापडला तरी हल्लेखोराला उडी नेमकी कुठे मारायची ते कळू नये. कर्नेलच्या कोडमधला एकच पत्ता गळाला तर बाकीचे साध्या बेरीज-वजाबाकीनं निघतात आणि ही भिंत कोसळते. म्हणून अशा गळतीला एकट्यानं फारसा मान नसला तरी ती मोठ्या हल्ल्याची पहिली पायरी असते. प्रमाणही कधी कधी सात बाइटवर थांबत नाही. सीव्हीई-२०१८-१०००२०४ या दोषात डिस्कसारख्या उपकरणांशी थेट बोलण्याच्या एका जुन्या वाटेनं कर्नेलच्या हीपची १,००० पर्यंत पानं, म्हणजे जवळपास चार मेगाबाइट, वापरकर्त्याकडे जाऊ शकत होती. अर्थात त्या वाटेवर जायला आधीच मोठे अधिकार लागतात असं सांगून काहींनी या दोषाच्या गांभीर्याविषयी शंका घेतली, आणि ती शंका चुकीची नव्हती. शिवाय गळती ही एकच आपत्ती नाही. न भरलेल्या जागेत जुना पत्ता असेल आणि कर्नेल तो आपलाच समजून त्यावर लिहायला गेला, तर तो पत्ता आधी तिथे मुद्दाम पेरून ठेवणाऱ्याच्या हाती कर्नेलची लेखणीच आल्यासारखं होतं.

उपाय मांडायला सोपा आहे: वाटप करणाऱ्या यंत्रणेनंच मेमरी पुसून द्यावी. कर्नेलच्या सुरक्षेसाठी मुख्य प्रवाहाबाहेर काम करणाऱ्या पॅक्स गटानं सोडलेली मेमरी पुसण्याचा पर्याय कित्येक वर्षं आधीच देऊ केला होता. लिनक्सच्या मुख्य कोडमध्येही तपासणीच्या वेळी सोडलेल्या मेमरीत ठरावीक 'विषारी' बाइट भरण्याची सोय होती, पण ती दोष शोधण्यासाठी, रोजच्या वापरासाठी नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.३ मध्ये गुगलच्या अलेक्झांडर पोटापेंको यांनी लिहिलेली दोन बटणं दाखल झाली. एक 'इनिट ऑन अॅलॉक', म्हणजे देताना पुसणं. दुसरं 'इनिट ऑन फ्री', म्हणजे परत घेताना पुसणं. खाणावळीच्या भाषेत, ताट वाढण्यापूर्वी धुवायचं की जेवण होताच. दोन्हींचा शेवट स्वच्छ ताटातच होतो, म्हणून फरक क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. देताना पुसलं तर नव्या मागणाऱ्याला जुनं दिसत नाही, पण मधल्या काळात ते खरकटं मोरीत तसंच पडून असतं. परत येताच पुसलं तर ते लगेच नाहीसं होतं. स्टॅनफर्डच्या जिम चाऊ, बेन फाफ, टाल गार्फिंकल आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी २००५ साली परत घेताना पुसण्याचाच आग्रह धरला होता, कारण सोडून दिलेली माहिती कामात असलेल्या यंत्रांच्या मेमरीतही दिवसेंदिवस टिकते असं त्यांना दिसलं होतं. तीन वर्षांनी प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मेमरीच्या चिपा हवेच्या डब्यातल्या फवाऱ्यानं उणे ५० अंश सेल्सियसपर्यंत गारठवल्या, तेव्हा वीज काढल्यावर दहा मिनिटांनीही एक टक्क्याहून कमी बिट बिघडले होते. वीज गेली की मेमरी कोरी होते हा पाठ्यपुस्तकी दिलासा त्या दिवशी संपला.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठ्यानं मांडला जाणारा म्हणजे वेगाचा. कर्नेल सेकंदाला लाखो वेळा मेमरी घेतो-सोडतो. प्रत्येक वेळी शून्यं लिहायची म्हणजे तेवढं काम वाढलं, आणि जिचा पुढच्याच क्षणी संपूर्ण वापर होणार आहे ती मेमरी आधी पुसणं तर शुद्ध वाया. हे खरं आहे. किती खरं ते आकड्यांत पाहावं. लिनक्सच्या स्वतःच्या मांडणी-सूचनांनुसार देताना पुसण्याचा भार बहुतेक कामांत एक टक्क्याहून कमी पडतो, मुद्दाम रचलेल्या चाचण्यांत सात टक्क्यांपर्यंत जातो. परत घेताना पुसण्याचा भार नेहमीच्या कामात तीन ते पाच टक्के, जास्तीत जास्त आठ. पोटापेंको यांच्या मोजणीत बारा समांतर कामं लावून लिनक्सच संकलित करताना परत घेताना पुसलं तर एकूण वेळ सुमारे आठ टक्क्यांनी वाढला; देताना पुसलं तर फरक मोजमापाच्या चुकीतच बुडाला. शून्यं तेवढीच, मग एवढी तफावत का? उत्तर पुन्हा कॅशमध्ये आहे. देताना पुसलेली मेमरी त्या निमित्तानं प्रोसेसरच्या जवळ येते आणि लगेच वापरली जाते. पुसण्याचा खर्च पुढच्या वापरात बराचसा वसूल होतो. परत घेताना जी मेमरी पुसायची ती बरेचदा थंड झालेली असते. तिला मुद्दाम जवळ ओढायचं, शून्यं भरायची आणि वापरात असलेलं काहीतरी बाहेर ढकलायचं. बटण बंद असेल तर मात्र जवळजवळ काहीच मोजावं लागत नाही, कारण अशा वेळी तपासणीचा फाटा कर्नेलच्या चालत्या कोडमधूनच बदलून टाकण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

सरासरीनं सगळ्यांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. झेडएफएस फाइल सिस्टिम मोठमोठे तुकडे घेऊन त्यांत लगेच डिस्कवरचा मजकूर ओतते. तिच्या वापरकर्त्यांना हे बटण चालू असताना वेगात चांगलीच घसरण जाणवली. अशांसाठी सूट का नसावी? पोटापेंको यांच्या सुरुवातीच्या मसुद्यांत 'ही मेमरी पुसू नका' असं सांगणारा झेंडा होता. चर्चेत भीती व्यक्त झाली की एकदा असा झेंडा हाती दिला की जो तो आपलाच कोड सर्वांत घाईचा समजून तो लावेल, आणि दक्षतेवर विसंबण्याचा जुना रोग मागच्या दारानं परत येईल. अखेर झेंडा गाळला गेला. मायक्रोसॉफ्टनं वेगळा मार्ग धरला: कर्नेलची मेमरी मागण्यासाठी नवी फंक्शनं आणली, जी मुळातच शून्यं भरून देतात, आणि ज्याला खरोखर न पुसलेली हवी त्यानं तसं नाव घेऊन मागायचं. मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो. सूट असण्यात धोका नाही. सूट अदृश्य असण्यात आहे. पूर्वी न पुसणं ही गप्प राहिल्यानं मिळणारी गोष्ट होती, आता ती लेखी मागावी लागते, आणि लेखी मागणी कोड तपासणाऱ्याला दिसते, शोधता येते, तिचा जाब विचारता येतो.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे आणि तो बहुधा कसलेल्या प्रोग्रॅमरांकडून येतो. न भरलेली मेमरी वापरणं ही चूक आहे; सगळीकडे शून्यं भरलीत तर चूक झाकली जाईल, सापडणार नाही, आणि उद्या लोक त्या शून्यावरच विसंबून कोड लिहू लागतील. भाषेचीच एक बोली वेगळी होईल. क्लँग कंपायलरच्या मंडळींना ही भीती इतकी खरी वाटली की स्टॅकवरच्या, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच जगणाऱ्या, चलांना शून्यं भरण्याचा पर्याय त्यांनी दिला खरा, पण तो वापरायचा तर 'हे पुढे क्लँगमधून काढलं जाणार आहे हे जाणून' अशा अर्थाचं लांबलचक नाव असलेला दुसरा पर्यायही सोबत टाइप करावा लागे. कंपायलरनं वापरणाऱ्याकडून शपथपत्र लिहून घ्यावं, असा हा प्रकार. पुढे जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीनं तीच सोय २०२२ साली बिनशर्त दिली आणि नंतर क्लँगनंही शपथपत्राची अट सोडली. आक्षेपाचं उत्तर या माघारीत नाही, ते कामाच्या विभागणीत आहे. चुका शोधण्याची जागा प्रयोगशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये केएमसॅन नावाचं साधन आलं, तेही पोटापेंको यांच्याच पुढाकारानं. ते न भरलेल्या प्रत्येक बाइटचा माग ठेवतं. ते चालवताना पुसण्याची दोन्ही बटणं बंद ठेवा, अशी आठवण कर्नेल स्वतःच करून देतो. प्रयोगशाळेत चूक उघडी पडावी आणि लोकांच्या खिशातल्या फोनवर ती निरुपद्रवी व्हावी, या दोन अपेक्षांत विरोध नाही. बोली वेगळी होण्याची भीती मात्र पूर्ण खोडून काढता येत नाही, ती खरीच आहे. एवढंच म्हणता येईल की शून्यावर विसंबलेला कोड ही उद्याची शक्यता आहे, आणि जुन्या खरकट्यावर चालणारे हल्ले ही आजची नोंद.

तिसरा आक्षेप सर्वांत रोचक: शून्य तटस्थ आहे असं कोणी सांगितलं? युनिक्सच्या जगात वापरकर्ता क्रमांक ० म्हणजे रूट, सर्वाधिकारी. कित्येक फंक्शनांच्या उत्तरात ० म्हणजे 'काम फत्ते'. म्हणजे अधिकाराची नोंद भरायची राहिली आणि तिथे शून्य असलं तर शिपायाला सुभेदार केल्यासारखं होईल. रिकामा पत्ता म्हणजेही शून्यच, आणि तोही निर्धोक नाही, हे ऑगस्ट २००९ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिन्स यांनी उघड केलेल्या दोषानं दाखवलं. नेटवर्कच्या काही प्रकारांत एका फंक्शनचा पत्ता भरायचाच राहून गेला होता, म्हणून तो शून्य होता. कर्नेल शून्य पत्त्यावर उडी मारी, आणि तिथे हल्लेखोरानं आपला कोड आधीच मांडून ठेवलेला असे. हा दोष २००१ पासूनच्या कर्नेलांत होता. शून्याजवळची जागा सामान्य प्रोग्रॅमला न देण्याचं कुंपण २००७ मध्ये आलं होतं, पण त्याला फटी होत्या. त्यानंतर त्या बुजवल्या गेल्या, आणि कर्नेलनं वापरकर्त्याच्या पानातला कोड चालवूच नये ही मनाई इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१२ पासून प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये आली. म्हणून आज शून्य पत्त्यावरची उडी बहुतेकदा यंत्र बंद पाडते, बळकावू देत नाही. तात्पर्य, शून्याची सुरक्षितता त्याच्या अंगची नाही. भोवती बांधलेल्या इतर भिंतींमुळे ती आली आहे. तरी पर्याय काय आहेत ते पाहा. एखादा विचित्र आकडा भरला तर लांबीच्या जागी तो प्रचंड लांबी होतो, आणि पत्त्याच्या जागी तो एखाद्या खऱ्या जागेवर बोट ठेवू शकतो. शून्य लांबीची प्रत काहीच घेत नाही, शून्य वेळा फिरणारं लूप फिरतच नाही, आणि शून्य लिहिणं प्रोसेसरला सर्वांत स्वस्त पडतं. रूटचा धोका उरतो; तो अधिकाराच्या नोंदी हाताळणाऱ्या मोजक्या कोडमध्ये राखता येतो, हजारो ड्रायव्हरांत नाही.

या उपायाच्या मर्यादा त्याच्या समर्थकांनी लपवलेल्या नाहीत. बॉनविक यांच्या कल्पनेप्रमाणे ज्या वस्तू घडलेल्या अवस्थेतच जपून ठेवायच्या आहेत, त्यांना लिनक्स ही बटणं लावतच नाही. पुसलं तर घडणच जाईल. काही वस्तू अशाही असतात की त्या सोडल्यानंतरही दुसरा प्रोसेसर क्षणभर त्यांच्याकडे पाहत असू शकतो. त्याही वगळल्या जातात. म्हणजे १९९४ सालची युक्ती आणि २०१९ सालची सावधगिरी एकाच कर्नेलमध्ये शेजारी नांदतात, आणि त्यांच्या सीमेवरचं उष्टं तसंच राहतं. शिवाय पुसण्याचा संबंध सोडलेल्या मेमरीशी आहे, वापरात असलेल्या मेमरीशी नाही. २०१४ साली गाजलेल्या हार्टब्लीडमध्ये ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी तिच्याकडे आलेल्या मजकुराहून जास्त मेमरी वाचून देत असे. त्यात शेजारच्या जित्या तुकड्यांतला मजकूरही जाई, आणि त्यावर कितीही विसळलेली ताटं उपयोगाची नव्हती. अशा दोषांसाठी आता एआरएमच्या प्रोसेसरांत मेमरीच्या दर सोळा बाइटला चार बिटांची खूण चिकटवण्याची सोय आली आहे. पत्त्यावरची खूण आणि मेमरीवरची खूण जुळली नाही की वाचन अडतं. गंमत अशी की खूण चिकटवणं आणि शून्यं भरणं ही दोन्ही कामं एकाच सूचनेत करण्याची तजवीज त्या प्रोसेसरांत आहे. खूण लावायला त्या मेमरीला हात लावावाच लागतो, तर जाताजाता पुसूनही घ्यायचं. वेगाचा जो वाद इतकी वर्षं चालला, तो अशा यंत्रांवर बऱ्याच अंशी निकालात निघतो.

लिनक्सच्या मूळ मांडणीत ही दोन्ही बटणं आजही बंदच येतात. चालू करायची की नाही हे कर्नेल बांधून लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यानं ठरवायचं असतं. उबुंटूनं २०.०४ या आवृत्तीपासून देताना पुसणं चालू ठेवलं आहे आणि परत घेताना पुसणं बंद; अँड्रॉइडच्या सामायिक कर्नेलमध्येही देताना पुसणं चालू असतं. ही निवड मला योग्य वाटते. दुसरं बटण ज्यांचं यंत्र दुसऱ्याच्या हातात पडण्याचा संभव आहे, ज्यांच्या मेमरीत किल्ल्या आणि गुपितं येत-जात असतात, त्यांनी जाणीवपूर्वक दाबावं आणि त्याचे तीन-पाच टक्के मोजावेत. आपल्या यंत्रानं काय निवडलं आहे हे पाहायला फारसं शोधावं लागत नाही. लिनक्स सुरू होताना जो संदेशांचा ओघ वाहतो त्यात मेमरीच्या आपोआप पुसण्याविषयी एक ओळ असते: स्टॅकचं काय ठरलं, हीप देताना चालू की बंद, हीप परत घेताना चालू की बंद.